वाचकांचे प्रश्न : पत्ते शोधून देणारी यंत्रणा दोन कोअरमध्ये एकच असावी का?

मागील अंकात आभासी मेमरीची ओळख करून देताना आम्ही लिहिले होते की, पत्त्यांचे रूपांतर करणारी यंत्रणा बहुधा प्रत्येक कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधील आज्ञा चालवणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र भागाची, स्वतःची असते. त्यातील ‘बहुधा’ या शब्दावर बोट ठेवून नाशिक शहर आणि परिसरातील वाचकांनी प्रश्न विचारले आहेत. ते एकमेकांना जोडून येत असल्यामुळे या महिन्याचे सदर संपूर्णपणे त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या स्टोअरमध्ये पार्ट नंबरवरून रॅक आणि खण शोधण्यासाठी मोठे रजिस्टर आहे, नेहमी लागणाऱ्या पार्टांची छोटी यादी मात्र काउंटरवरच चिकटवलेली असते. टीएलबी म्हणजे अशीच यादी समजावी का? तसे असेल तर दोन काउंटरना मिळून एकच यादी का पुरू नये?
(सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातील स्टोअर कर्मचारी)

उत्तर : आपण दिलेला दाखला बऱ्याच अंशी लागू पडतो. प्रोग्राम जो पत्ता वापरतो तो आभासी असतो आणि मेमरीच्या चिपमधील जागा सांगणारा प्रत्यक्ष पत्ता वेगळा असतो. या दोहोंची सांगड पेज टेबल नावाच्या तक्त्यात घातलेली असते. मेमरीचे साधारणपणे 4 किलोबाइटचे तुकडे, म्हणजे पेजेस, पाडलेले असतात आणि तक्त्यात प्रत्येक पेजची नोंद असते. आजच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांमध्ये हा तक्ता सर्वसाधारणपणे चार पातळ्यांचा असतो. पत्त्यातील नऊ-नऊ बिटांनी एकेक पातळी उतरायची आणि शेवटचे बारा बिट पेजमधील नेमकी जागा सांगतात, असा 48 बिटांचा हिशेब आहे. म्हणजे एक आकडा वाचायला निघालेल्या प्रोसेसरला आधी चार वेळा मेमरीत डोकवावे लागू शकते. हा फेरा वाचवण्यासाठी अलीकडे वापरलेल्या नोंदी प्रोसेसरच्या आत ज्या छोट्या कोष्टकात ठेवतात, तेच टीएलबी. इंटेलच्या 2015 मधील स्कायलेक प्रोसेसरात प्रत्येक कोअरला डेटासाठी 64 नोंदींचे पहिल्या पातळीचे आणि त्यामागे 1536 नोंदींचे दुसऱ्या पातळीचे कोष्टक आहे.

आता दोन काउंटरना एक यादी का पुरू नये, याकडे वळू. दोन्ही काउंटरवर तेच ते पार्ट मागितले जात असतील तर सामाईक यादी फायद्याची ठरते, कारण एकाने रजिस्टर उघडून लिहिलेली ओळ दुसऱ्याला आयती मिळते. मागण्या वेगळ्या असतील तर एक जण दुसऱ्याच्या ओळी पुसून आपल्या लिहीत राहतो. इथपर्यंत स्टोअर आणि प्रोसेसर यांच्यात फरक नाही. फरक आहे तो घाईचा. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला तीनशे कोटी ठोके घेतो आणि मेमरीला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक आज्ञेला टीएलबीचे उत्तर हवे असते. शिवाय ते उत्तर पहिल्या पातळीच्या कॅशबरोबरच, म्हणजे नुकतीच लागलेली माहिती कोअरजवळ ठेवणाऱ्या छोट्या मेमरीबरोबरच, यावे लागते. 32 किलोबाइटची, आठ मार्गांची, म्हणजे प्रत्येक रांगेत आठ जागा असलेली कॅश घ्या. तिचा एकेक मार्ग बरोबर 4 किलोबाइटचा, म्हणजे एका पेजएवढा असतो. त्यामुळे पत्त्याचे शेवटचे बारा बिट, जे रूपांतरात बदलतच नाहीत, त्यांच्या आधारे कॅशमधील रांग आधीच निवडता येते आणि त्याच वेळी टीएलबी उरलेले बिट बदलून देते. ही जुळणी साधण्यासाठी टीएलबी कॅशला अगदी खेटून बसवावी लागते. दोन कोअरच्या मध्ये तिला ठेवले तर अंतर आणि ताटकळणे या दोन्ही गोष्टींचा भुर्दंड प्रत्येक आज्ञेवर पडेल. म्हणून पहिल्या पातळीची यादी ज्याची त्याच्याकडेच राहते आणि वाटणीची चर्चा सुरू होते ती दुसऱ्या पातळीपासून.

प्रश्न : माझ्या मुलाने दिलेल्या फोनमध्ये आठ कोअर आहेत, पण त्यांतील चार लहान कोअर ‘जोडीने’ काम करतात असे वाचले. जोडीत वाटून घेतल्यामुळे फोन मंद होतो का?
(निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड)

उत्तर : आपण वाचले ते बहुधा आर्मच्या कॉर्टेक्स-ए510 या कोअरबद्दल असावे. 2021 साली जाहीर झालेला हा कोअर स्नॅपड्रॅगन 8 जेन 1 आणि डायमेन्सिटी 9000 यांसारख्या चिपांमध्ये चारच्या संख्येने आहे. दोन ए510 एकत्र बांधण्याची सोय त्यात आहे. अशी जोडी केली की दुसऱ्या पातळीची कॅश, व्हेक्टर गणिताचे एकक आणि दुसऱ्या पातळीची टीएलबी या तीन गोष्टी दोघांत एकच राहतात. प्रत्येकाची पहिल्या पातळीची टीएलबी मात्र स्वतंत्र असते. म्हणजे वर सातपूरच्या वाचकांना दिलेले उत्तर इथे चिपवर उतरलेले दिसते.

फोन मंद होण्याची काळजी करू नये. हे लहान कोअर पार्श्वभूमीवरील हलक्या कामांसाठी आहेत. कॅमेरा किंवा व्हिडिओ कॉलचा जड भाग मोठे कोअर सांभाळतात. लहान कोअरच्या बाबतीत जागा आणि बॅटरी वाचवणे जास्त मोलाचे असते.

प्रश्न : शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही एफपीजीए (हवे ते सर्किट आत घडवता येणारी चिप) बोर्डवर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाचे दोन छोटे कोअर बसवत आहोत. प्रत्येकाला वेगळे एमएमयू, म्हणजे पत्त्यांचे रूपांतर करणारी यंत्रणा, दिले तर लॉजिक पुरत नाही. मार्गदर्शकांनी दोघांत एकच एमएमयू ठेवण्यास सुचवले आहे. हे योग्य आहे का, आणि चूक होण्याची शक्यता कुठे आहे?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, गंगापूर रोड)

उत्तर : मार्गदर्शकांची सूचना योग्य आहे, पण ‘एक एमएमयू’ असा एकच ठोकळा डोळ्यांसमोर ठेवून आराखडा काढू नका. त्या नावाखाली तीन वेगळे भाग असतात : पहिल्या पातळीची टीएलबी, दुसऱ्या पातळीची टीएलबी आणि पेज टेबल चालत जाऊन नोंद आणणारा वॉकर. या तिघांना वाटणीचा नियम सारखा लागू होत नाही.

वॉकर बिनधास्त सामाईक करावा. तो एक साधे स्टेट मशीन, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांनी चालणारे सर्किट, असतो आणि टीएलबीमध्ये नोंद सापडत असेपर्यंत त्याला काहीच काम नसते, म्हणजे बहुतेक वेळ तो रिकामाच बसतो. बर्कली विद्यापीठाच्या रॉकेट या रिस्क-फाइव्ह कोअरमध्येही आज्ञांची टीएलबी आणि डेटाची टीएलबी मिळून एकच वॉकर वापरतात. तुम्ही हीच कल्पना एका कोअरऐवजी दोन कोअरपर्यंत नेणार आहात. आळीपाळीने संधी देणारा छोटा आर्बिटर पुढे ठेवला की भागते. एकाच्या वॉकला मेमरीकडून उत्तर यायला वेळ लागत असताना दुसऱ्याच्या टीएलबीत सापडणाऱ्या नोंदी अडून राहणार नाहीत, एवढी काळजी मात्र सुरुवातीपासून घ्यावी.

पहिल्या पातळीची टीएलबी वेगवेगळीच ठेवा, पण लहान ठेवा. पूर्ण-सहचारी टीएलबीत प्रत्येक नोंदीची एकाच वेळी तुलना करावी लागते आणि एफपीजीएमध्ये त्यासाठी तयार ठोकळा नसल्यामुळे ती सगळी तुलना लटमध्ये, म्हणजे लॉजिकच्या छोट्या ठोकळ्यांमध्ये (लुकअप टेबल), उभी राहते. तुमचे लॉजिक इथेच संपत असावे. आठ नोंदींवर समाधान माना. दुसऱ्या पातळीची टीएलबी चार मार्गांची करा, म्हणजे ती ब्लॉक रॅममध्ये, एफपीजीएमधील तयार मेमरीत, बसेल आणि लट वाचतील. ही दुसरी पातळी दोघांत सामाईक ठेवायला हरकत नाही. फक्त पुढच्या तीन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

पहिली गोष्ट ओळखीची. टीएलबीतील नोंद कोणत्या प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या कोणत्या प्रोग्रामची, आहे हे तिच्यासोबतच्या एएसआयडी या क्रमांकावरून कळते. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही32 या 32 बिटांच्या पत्त्यांच्या पद्धतीत तो नऊ बिटांचा आहे. प्रश्न असा की, एका कोअरवरचा एएसआयडी 5 आणि दुसऱ्यावरचा एएसआयडी 5 हे एकच प्रोसेस दाखवतात का? हे हार्डवेअर ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. इंटेल प्रोसेसरांवर लिनक्स हा क्रमांक प्रत्येक कोअरपुरता देते आणि प्रत्येक कोअरवर अवघे सहा क्रमांक आळीपाळीने फिरवते, त्यामुळे तिथे दोन कोअरवरील एकसारख्या क्रमांकांचा परस्परांशी काही संबंध नसतो. 64 बिटांच्या आर्मवर मात्र तीच लिनक्स सर्व कोअरना मिळून एकच क्रमांकमाला वापरते. आर्मने तर आर्मव्ही8.2 पासून पेज टेबलाचा पाया सांगणाऱ्या, प्रोसेसरमधील रजिस्टरमध्ये यासाठी सीएनपी नावाचा एक बिटच ठेवला आहे. तो 1 केला की ‘या एएसआयडीखालची माझी पेज टेबले आणि शेजारच्या कोअरची पेज टेबले एकच आहेत, नोंदी वाटून घेण्यास हरकत नाही’ असे सॉफ्टवेअर हार्डवेअरला कळवते. तुमच्या प्रकल्पात लहानसे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तुम्हीच लिहिणार असाल तर क्रमांकमाला सामाईक ठेवा. बाहेरचे कर्नल घेणार असाल तर नोंदीत कोअरचा क्रमांकही टॅग म्हणून जोडा. वाटणीचा फायदा बराच कमी होईल, पण एका प्रोसेसला दुसऱ्याची मेमरी दिसण्याचा अनर्थ टळेल.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. सामाईक टीएलबीने ‘परवानगी आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल साठवून ठेवू नये. तिने पेज टेबलातील वाचणे, लिहिणे, चालवणे, वापरकर्ता-पेज हे बिट जसेच्या तसे ठेवावेत आणि निकाल प्रत्येक कोअरने आपल्याकडे लावावा. एक कोअर सुपरवायझर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या) स्थितीत असताना आणलेली नोंद क्षणभराने दुसरा कोअर यूजर (सामान्य प्रोग्रामच्या) स्थितीत मागू शकतो, आणि त्या वेळी उत्तर वेगळे असायला हवे.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे आणि चाचणीत ती सहसा सापडत नाही. समजा, कोअर ‘ब’साठी वॉकर एका पेजची नोंद आणायला गेला आणि त्याने जुनी नोंद मेमरीतून वाचली. तेवढ्यात कोअर ‘अ’ने तीच नोंद पेज टेबलात बदलली आणि जुन्या नोंदी पुसण्यासाठी एसफेन्स.व्हीएमए (थोडक्यात फेन्स) ही आज्ञा दिली. सामाईक टीएलबी पुसली गेली. त्यानंतर ‘ब’चा वॉक पूर्ण होऊन त्याने हातातली जुनी नोंद त्याच स्वच्छ टीएलबीत भरली. आता ‘अ’ त्या पत्त्यावर गेला तर त्याला, स्वतः पुसून घेतल्यानंतरही, जुने उत्तर मिळेल. स्वतंत्र टीएलबी असताना असे होत नाही, कारण कोअर आपला फेन्स आणि आपला वॉक यांचा क्रम स्वतःच सांभाळतो. उपाय अवघड नाही. फेन्स आला की त्या क्षणी चालू असलेल्या प्रत्येक वॉकवर ‘सामाईक कोष्टकात भरू नये’ अशी खूण करायची. उत्तर मागणाऱ्या ‘ब’ला ते देण्यास हरकत नाही, कारण ‘ब’ने अजून फेन्स दिलेला नाही, पण ते सामाईक जागेत जाता कामा नये. हा प्रसंग मुद्दाम घडवून आणणारी चाचणी लिहा. सिम्युलेशनमध्ये मेमरीचे उत्तर हवे तेवढे लांबवता येते, त्यामुळे ही वेळ बोर्डपेक्षा तिथे सहज साधते.

फायदा किती होईल, हे दोन्ही कोअर काय चालवतात यावर ठरेल. एकाच प्रोसेसचे दोन थ्रेड, म्हणजे तिच्यातील एकाच वेळी चालणारी दोन कामे, एकाच डेटावर काम करत असतील तर बऱ्याच नोंदी दोघांना लागतात. अभिषेक भट्टाचार्जी, डॅनियल लस्टिग आणि मार्गारेट मार्टोनोसी यांनी 2011 साली मांडलेल्या अभ्यासात सर्व कोअरना मिळून एकच शेवटच्या पातळीची टीएलबी दिल्यावर समांतर प्रोग्रामांमध्ये हुकलेल्या (टीएलबीत नोंद न सापडलेल्या) शोधांपैकी 7 ते 79 टक्के शोध वाचले होते. 7 आणि 79 यांमधील हे अंतरच प्रोग्रामच्या स्वभावाचे महत्त्व सांगते. कोअर वाढत गेले की एकच मोठे कोष्टक दूर पडते आणि त्याच्या दाराशी गर्दी होते. म्हणून पुढच्या संशोधनात ते तुकड्यांमध्ये वाटून प्रत्येक कोअरजवळ एक तुकडा ठेवण्याकडे कल दिसतो. दोन कोअरसाठी याची गरज नाही. तुमच्या अहवालात तीन आराखड्यांची तुलना यावी : सगळे वेगळे, फक्त वॉकर सामाईक, आणि वॉकर व दुसरी पातळी सामाईक. मधला आराखडा लटच्या हिशेबात इतका किफायतशीर निघण्याची शक्यता आहे की कदाचित तिथेच थांबणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : द्राक्ष बागायतदारांच्या मालाच्या नोंदी ठेवणारी आमची ऑनलाइन सेवा आम्ही 8 कोअरच्या भाड्याच्या सर्व्हरवरून 32 कोअरच्या सर्व्हरवर नेली, तरी हंगामात सकाळच्या वेळी ती अपेक्षेइतकी वेगवान नाही. लिनक्सच्या इंटरप्टच्या फाइलमध्ये ‘टीएलबी शूटडाउन’ या ओळीतील आकडे झपाट्याने वाढताना दिसतात. टीएलबी सामाईक असलेला प्रोसेसर घेतला तर हा त्रास जाईल का?
(सॉफ्टवेअर व्यावसायिक, इंदिरानगर)

उत्तर : नाही, तसे करणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. आपण पाहत असलेला आकडा टीएलबी लहान पडल्याचा नाही, नोंदी पुसण्याचा आहे. प्रोसेसने मेमरीचा एखादा भाग परत केला किंवा त्याच्या परवानग्या बदलल्या की, ज्या ज्या कोअरवर त्या प्रोसेसचे थ्रेड चालू आहेत त्या सर्वांच्या टीएलबीतून जुन्या नोंदी जायला हव्यात. इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांवर लिनक्स त्यासाठी परंपरेने त्या कोअरना इंटरप्ट, म्हणजे काम थांबवायला लावणारा निरोप, पाठवते, प्रत्येक कोअर हातातले काम थांबवून नोंद पुसतो आणि सर्वांची पोच येईपर्यंत पहिला कोअर वाट पाहतो. हा प्रश्न जुना आहे; कार्नेगी मेलन विद्यापीठात माक ऑपरेटिंग सिस्टीम घडवणाऱ्यांनी 1989 सालीच यावर निबंध लिहिला होता. 8 ऐवजी 32 कोअर झाले म्हणजे थांबवायची आणि वाट पाहायची माणसे वाढली, एवढेच झाले आहे. आपला सर्व्हर भाड्याचा, म्हणजे बहुधा आभासी (मोठ्या यंत्राचा एक वाटा) असल्यामुळे हे इंटरप्ट आणखी महाग पडत असतील.

सामाईक दुसरी पातळी असली तरी प्रत्येक कोअरची पहिली पातळी स्वतंत्रच राहते आणि तिच्यातील जुनी नोंद पुसण्यासाठी निरोप पाठवावाच लागतो. निरोपाचा खर्च कमी करणारी सोय वेगळी आहे : पुसण्याचा हुकूम हार्डवेअरनेच सर्वांना कळवणे. आर्मवर ती पूर्वीपासून आहे. एएमडीने 2021 च्या तिसऱ्या पिढीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरांमध्ये इन्व्हलपीजीबी ही आज्ञा आणली आणि लिनक्सने ती 2025 मधील 6.15 या आवृत्तीपासून वापरायला घेतली.

त्याआधी मात्र आपल्याच प्रोग्रामकडे पाहा. अशा आकड्यांचे कारण बहुतेक वेळा मेमरी वारंवार मागणे आणि परत करणे हेच निघते. जीलिबसी ही लायब्ररी सुरुवातीला 128 किलोबाइट किंवा त्याहून मोठी मागणी थेट कर्नलकडे नेते आणि ती मोकळी केली की थेट परत करते. ही मर्यादा अनुभवाप्रमाणे ती स्वतः वाढवत नेते खरी, पण 32 मेगाबाइटच्या वर नेत नाही. तुमच्याकडे प्रत्येक विनंतीमागे मोठा बफर (तात्पुरत्या मेमरीचा तुकडा) घेऊन लगेच सोडला जात असेल, तर पाणी तिथेच मुरते आहे. बफरांचा साठा करून ते पुन्हा वापरा आणि एका प्रोसेसमध्ये 32 थ्रेड ठेवण्याऐवजी आठ-आठ थ्रेडांच्या चार प्रोसेस करून पाहा. दुसऱ्या उपायाने एका पुसण्यामागे थांबणारे कोअर आपोआप कमी होतात. यंत्र बदलण्यापेक्षा हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत.

टीएलबी खरोखर अपुरी पडते आहे का, हे पाहायचे असेल तर पर्फ या साधनाने डेटा-टीएलबीचे हुकलेले शोध मोजावेत. ते जास्त निघाले तर मोठी पेजेस वापरावीत. 1536 नोंदी 4 किलोबाइटच्या पेजेससह जेमतेम 6 मेगाबाइट झाकतात. त्याच नोंदी 2 मेगाबाइटच्या पेजेससह 3 गिगाबाइट झाकतात. वाटणी करून एवढी वाढ कधीच मिळणार नाही. आभासी सर्व्हरवर तर हा फायदा दुणावतो, कारण तिथे पाहुण्या (भाड्याच्या आभासी) आणि यजमान (खऱ्या यंत्रावरील) अशा दोन्ही सिस्टीमांची चार-चार पातळ्यांची टेबले एकात एक गुंफलेली असतात आणि एका हुकलेल्या शोधासाठी 24 वेळा मेमरी वाचण्याची वेळ येऊ शकते.

प्रश्न : दोन प्रोग्राम एकच टीएलबी वापरत असतील तर एकाला दुसऱ्याची माहिती चोरता येईल का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी)

उत्तर : माहिती थेट वाचता येत नाही, पण तिचा माग काढता येतो, आणि तसे करून दाखवलेही गेले आहे. अॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली टीएलब्लीड नावाचा हल्ला मांडला. इंटेलच्या हायपरथ्रेडिंगमध्ये एका कोअरवर दोन थ्रेड चालतात आणि डेटाची टीएलबी दोघांत सामाईक असते. हल्ला करणारा थ्रेड टीएलबीचा एक कप्पा आपल्या नोंदींनी भरतो आणि थोड्या वेळाने त्या नोंदी अजून जागेवर आहेत का, हे उत्तर यायला लागलेल्या वेळावरून ओळखतो. नोंद गेलेली असेल तर शेजाऱ्याने त्या कप्प्यातील पेजला स्पर्श केला, असा त्याचा अर्थ होतो. या खुणांवरून त्यांनी एडडीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीतील 256 बिटांची गुप्त किल्ली केवळ एका सहीचे निरीक्षण करून आणि 17 सेकंदांच्या आकडेमोडीतून 98 टक्के वेळा शोधून काढली. कॅशच्या मार्गाने होणारी गळती थांबवणारे उपाय इथे कामी आले नाहीत, कारण गळती कॅशमधून नव्हतीच. त्याच वर्षी जून महिन्यात ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने इंटेल प्रोसेसरांवरील हायपरथ्रेडिंग आपल्याकडे मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय घेतला.

दोन कोअरमध्ये टीएलबी सामाईक केली तर हीच फट एका कोअरच्या बाहेर रुंदावते, ही बाब गंगापूर रोडच्या विद्यार्थिनीनेही आपल्या अहवालात नोंदवावी. यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक कोअरला टीएलबीचे काही मार्ग राखून ठेवून शेजाऱ्याला ते रिकामे करू न देणे हा एक. परस्परांवर विश्वास नसलेले प्रोग्राम एका टीएलबीवर एकाच वेळी न ठेवणे हा दुसरा. हायपरथ्रेडिंगपुरता हा दुसरा मार्ग लिनक्सने 2021 मध्ये 5.14 या आवृत्तीपासून कोअर शेड्युलिंगच्या रूपाने उपलब्ध केला आहे. माझे मत दुसऱ्या उपायाच्या बाजूने आहे. मार्ग राखून ठेवल्यावर सामाईक कोष्टकाचा फायदा कमी होतो. जे एकाच घरचे आहेत त्यांनाच एकत्र बसवले तर फायदाही राहतो आणि चोरण्यासारखे काही उरत नाही.

प्रश्न : टीएलबीची वाटणी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतील साध्या संगणकावर दाखवता येईल का? आणि अशी यंत्रणा सर्वप्रथम कुठे आली?
(तंत्रनिकेतनातील अधिव्याख्याता, सिन्नर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. 1962 साली मँचेस्टर येथे सुरू झालेल्या अॅटलस संगणकात 512 शब्दांची पेजेस होती आणि मुख्य मेमरीतील 32 जागांसाठी 32 पेज-पत्ता रजिस्टरे होती. प्रत्येक वेळी त्या सर्वांशी एकदम तुलना होत असे. प्रोसेसर एकच असल्यामुळे वाटणीचा प्रश्न तेव्हा नव्हता.

प्रयोगासाठी हायपरथ्रेडिंग असलेला सहाव्या पिढीचा इंटेल कोअर संगणक आणि लिनक्स पुरेसे आहे. सी भाषेत असा प्रोग्राम लिहा की, जो प्रत्येक पेजमधील एकाच जागेला स्पर्श करत पुढे जाईल, आणि पेजेसची संख्या वाढवत प्रत्येक स्पर्शाला लागणारा वेळ मोजा. यात तीन खाचा आहेत. पायरी बरोबर 4096 बाइटची ठेवली तर सगळे स्पर्श पहिल्या कॅशच्या एकाच रांगेत पडतात आणि टीएलबीऐवजी कॅशच मोजली जाते. म्हणून पायरी 4096 अधिक 64, म्हणजे 4160 बाइटची घ्यावी. क्रम सरळ ठेवला तर प्रोसेसर पुढचा अंदाज बांधतो. म्हणून पत्त्यांची यादृच्छिक साखळी करून एका जागेतून पुढच्या जागेचा पत्ता वाचत जावे. तिसरे म्हणजे, त्या मेमरीपुरती मोठी पेजेस बंद ठेवावीत, नाहीतर एकच नोंद 512 पेजेस झाकेल. हे सांभाळले की 64 पेजेसच्या आसपास वेळ थोडा वाढतो आणि 1536 च्या पुढे चांगलाच वाढतो.

आता वाटणी दाखवायची. प्रोग्राम 1000 पेजेसवर ठेवा आणि त्याच्या दोन प्रती टास्कसेट या लिनक्स आज्ञेच्या मदतीने आधी दोन वेगळ्या कोअरवर आणि नंतर एकाच कोअरच्या दोन थ्रेडवर चालवा. कोणते दोन क्रमांक एकाच कोअरचे आहेत, हे एलएससीपीयू ही आज्ञा सांगते. वेगळ्या कोअरवर प्रत्येकाच्या 1000 नोंदी आपापल्या 1536 मध्ये सामावतात. एकाच कोअरवर दोघांच्या मिळून 2000 होतात, त्या सामावत नाहीत आणि दोन्ही प्रती मंदावतात. चौकस विद्यार्थी लगेच विचारेल की, एका कोअरवर दोन थ्रेड आले की सगळेच वाटले जाते, मग मंदावण्याचा दोष टीएलबीलाच का द्यावा? त्यासाठी तीच 1000 जागांची साखळी, प्रत्येक पेजमध्ये 64 जागा भरून, केवळ 16 पेजेसमध्ये बसवा आणि दोन्ही वेळा पुन्हा चालवा. कॅशच्या ओळी तितक्याच राहतात, पेजेस तेवढी कमी होतात. एका कोअरवर येताना या साखळीची जितकी गती कमी होईल तितका भाग इतर वाटणीचा, आणि पहिल्या साखळीत त्याहून जास्त जो वेळ वाढला तो टीएलबीचा.